आभारप्रार्थनेचा शनिवार

सासूबाई उपासनेत साक्ष द्यायला उभ्या राहिल्या तेव्हा मी श्रेयाच्या केसातली क्लिप नीट करत होते, आणि त्या काय बोलल्या ते मला क्लिपचा चिमटा बोटाला बसला तेव्हा कळलं. "माझी नात बरी झाली," त्या म्हणाल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, दोन्ही हात छातीशी. "डॉक्टर म्हणले व्हते, फिटचं औषध वर्षानुवर्षं द्यावं लागंल. मी प्रभूला म्हणलं, तू मोठा का बाटली मोठी? आन् संध्याकाळचं औषध मी बंद केलं. रोज मोरीत ओतते मी ते. महिना झाला, लेकराला साधी चक्कर नाय." शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली आमच्या चर्चची सगळी मंडळी एका आवाजात 'हालेलुया' म्हणाली, आणि त्या आवाजात माझाही आवाज होता. शिंक यावी तसा तो शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडला. समोरच्या भिंतीवर शाळेचा पचनसंस्थेचा तक्ता टांगलेला होता. त्यातल्या गुलाबी जठराकडे मी बघत राहिले. महिला मंडळाच्या प्रमुख सुलेखाताई पुढच्या रांगेतून वळल्या नि माझ्याकडे बघून त्यांनी अशी मान डोलावली की जणू परीक्षेत मीच पास झाले होते. श्रेयानं मांडीवरून माझी हनुवटी स्वतःकडे वळवली आणि कुजबुजली, "आई, मी बरी झाले?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पुढचं गाणं सुरू झालं होतं, ढोलकी वाजत होती, आणि माझ्या डोक्यात फक्त मोरी होती, आमच्या घरातली, कडप्प्याची, तिच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता आणि त्यावरून वाहत जाणारं ते लालसर, गोड औषध.

सकाळचं औषध मी देते. संध्याकाळी मी औरंगपुऱ्यात कोचिंग क्लासला बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते, म्हणून संध्याकाळचं त्या देतात, देत होत्या. म्हणजे महिनाभर मी फळ्यावर चेतापेशी काढत होते, एका पेशीतून दुसरीत संदेश कसा जातो ते पोरांना समजावत होते, आणि तेव्हा घरी माझ्या मुलीच्या मेंदूवरचा अर्धा पहारा उठवला जात होता. छावणीतल्या गल्लीतून घरी येताना प्रत्येक दारातून सासूबाईंना 'सलाम' येत होता. "मुक्ताबाई, लई मोठी साक्ष दिली तुम्ही," कुणी म्हणत होतं. त्या खाली बघून हसत होत्या. खोट्या बाई नाहीत त्या. असत्या तर बरं झालं असतं. खोट्या माणसाशी भांडता येतं. आयुष्यभर बालवाडीत लोकांच्या पोरांची नाकं पुसलेली ही बाई, फिट आलेल्या श्रेयाला उचलताना हिच्या गुडघ्यातून आवाज येतो तरी उचलते, हिनं देवावर भार टाकला आणि माझं लेकरू त्या भाराखाली ठेवलं. स्वयंपाकघरात मी प्रणयला धरलं. वाळूजच्या कंपनीत त्याची पाळी दुपारची होती, तो डबा भरून घेत होता. "तुझ्या आईनं औषध मोरीत ओतलंय," मी म्हणाले. "ऐकलं की. मीपण तिथंच होतो." "मग?" "मग काय? आली का फिट?" "औषध असं अचानक तोडलं की..." "करुणा," तो डब्याची कडी लावत म्हणाला, "आली का?" आली नव्हती. तो जिंकल्यासारखं नव्हता बोलत, विनवल्यासारखं बोलत होता. पहिली फिट आली तेव्हा हाच माणूस अनवाणी तिला छातीशी धरून रस्त्यावर पळाला होता. त्याला ते पुन्हा बघायचं नव्हतं, आणि न बघण्याचा रस्ता आईनं दाखवला तर तो आईचा, मी दाखवला तर माझा. इतकंच होतं त्याचं.

मी भांडले नाही. भांडणात माझा आवाज चढतो, श्रेया घाबरते, आणि घाबरली की मला तिच्या पापण्यांकडे बघवत नाही. मी दुसरी बाटली आणली. ती बाथरूममध्ये, धुण्याच्या पावडरीच्या डब्यामागं ठेवली, आणि पहिल्या बाटलीत साखरेचं पाणी भरून रंगासाठी थोडं सरबत टाकलं. मी क्लासहून आले की दात घासायच्या निमित्तानं श्रेयाला आत घ्यायची, कडी लावायची, औषध पाजायची. सासूबाई त्यांच्या वेळेला त्यांची बाटली मोरीत ओतत होत्या. रोजचं माप, न चुकता, मला वाटतं ओतताना प्रार्थनाही करत असतील. "मुंग्या लई झाल्या गं मोरीत," एकदा त्या म्हणाल्या, "पावडर टाकाय पायजे." मी पावडर टाकली. श्रेयाला मी सांगितलं होतं की आजीला सांगायचं नाही. "देवाला?" तिनं विचारलं. "देवाला माहीत असतं." तिनं बराच विचार केला, तोंडात ब्रश तसाच. "मग देव आजीला सांगंल," ती म्हणाली. त्यानंतर रोज झोपताना आजीशेजारी बसून ती प्रार्थना करायची तेव्हा मध्येच डोळे किलकिले करून माझ्याकडे बघायची. शाळेत दुसऱ्याचं रबर खिशात असलेलं पोर बाईंकडे बघतं तसं. आजी म्हणायची, "देवा, तू मला बरं केलंस म्हणून तुझे आभार." पोर म्हणायची, "देवा, तू मला बरं केलंस म्हणून तुझे आभार." आणि पुन्हा एक डोळा माझ्याकडे.

मी अविश्वासी नाही. सायन्सवाली म्हणून सुलेखाताई मला टोमणे मारतात तेव्हा लोकांना वाटतं, हिला प्रार्थना जमत नसेल. मला प्रार्थनेशिवाय काही जमत नाही. स्कूटी चालवताना, फळा पुसताना, कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये माझ्या आत ती चालूच असते, बहुतेक वेळा शब्दही नसतात, नुसतं 'प्रभू, प्रभू', दारावर थाप मारत राहावं तसं. ही माझ्या पप्पांची देणगी. पप्पा जालन्याला मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांची संध्याकाळची प्रार्थना दूध उतू जायच्या आत संपायची, आणि आम्ही मुलं हसू दाबत एका डोळ्यानं पातेल्याकडे बघत असायचो. मम्मी कॅन्सरनं अंथरुणाला खिळली तेव्हाही तेवढीच प्रार्थना, ना एक वाक्य जास्त ना एक कमी. मला राग यायचा. मी कॉलेजात होते, मला वाटायचं यांनी जमिनीवर डोकं आपटावं, उपास करावेत, देवाचा गळा धरावा. मम्मीला पुरून आलो त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी वरण-भात आणून दिला आणि पप्पांनी हात जोडून त्या वरणासाठी आभार मानले. मी ताट सरकवलं. "कशाचे आभार?" मी ओरडले. "काय दिलं त्यानं?" पप्पांनी आमेन पूर्ण केलं, मग म्हणाले, "बाळा, आज सोडलं तर उद्या मला सुरुवात कुठून करायची ते सापडणार नाही." तेव्हा मला ते भित्रेपणाचं वाटलं. आता वाटतं, त्या माणसानं निदान काही मागितलं नाही. मी मागते. आणि साक्षीनंतरच्या दिवसांत मी काय मागत होते ते पप्पांना कळलं असतं तर त्यांनी माझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला असता.

कारण दिवस जात होते आणि फिट येत नव्हती. दोन्ही वेळचं औषध नीट चालू होतं, म्हणून येत नव्हती, आणि तिच्या न येण्याचा प्रत्येक दिवस सासूबाईंच्या साक्षीला जाऊन चिकटत होता. त्यांचा चमत्कार मी बाथरूममध्ये कडी लावून करत होते. गल्लीतल्या बायका श्रेयाच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. फिट येणाऱ्या दुसऱ्या एका मुलाची आई सासूबाईंना भेटायला आली, पुष्कळ वेळ कुजबुजली, आणि जाताना तिच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती बघून मी तिच्यामागं फाटकापर्यंत गेले. "औषध बंद करू नका," मी म्हणाले. तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "तुमच्या सासूबाई म्हणल्याच," ती म्हणाली, "की सूनबाईचा विश्वास अजून कच्चा आहे म्हणून." त्या दिवशी क्लासला जाताना मिल कॉर्नरच्या सिग्नलला थांबले असताना माझ्या आतल्या त्या चालू प्रार्थनेला अचानक शब्द फुटले. प्रभू, एकदा. एकदाच येऊ दे. लहानशी. सगळ्यांसमोर. मागच्या रिक्षानं हॉर्न वाजवला, सिग्नल सुटला होता. मी घाबरून ते परत घ्यायला गेले, पण घेता येईना. त्यानंतर ते रोज यायचं. मी मुद्दाम दुसरं काही मागायची, प्रणयची नोकरी, पप्पांची शुगर, आणि तळातून ते वर यायचं, एकदा, लहानशी, सगळ्यांसमोर. माझ्या लेकराच्या अंगात वीज खेळू दे, म्हणजे या बाईचं तोंड बंद होईल. असं मी प्रार्थनेत मागत होते, डोक्यावर ओढणी घेऊन.

आभारप्रार्थना आमच्याच घरी करायची हे सुलेखाताईंनी ठरवलं. बरं झालेल्या माणसाच्या घरी मंडळीतल्या बायकांनी जमून आभार मानायचे, गाणी म्हणायची, चहा-चिवडा घ्यायचा, अशी रीतच आहे. त्यासाठी शनिवारची दुपार ठरली. पाळकसाहेब फर्दापूरला लग्न लावायला गेले होते, म्हणून प्रार्थना सुलेखाताईच चालवणार होत्या. सासूबाईंनी गुलमंडीतून श्रेयाला पांढरा, जाळीचा फ्रॉक आणला. सकाळी मी औषध काढलं, टोपण उजेडात धरून रेषेपर्यंत बरोबर भरलं, आणि शेवटचा थेंबसुद्धा तिला पाजला. दुपारी खोली बायकांनी भरली. "काय गं सायन्सवाली," सुलेखाताई बसता बसता म्हणाल्या, "आज तरी डोळे मिटशील का प्रार्थनेत? मला सगळं दिसतं हं." "तुमचे मिटलेले असतात ना ताई, मग दिसतं कसं?" मी म्हणाले. बायका हसल्या, सासूबाईसुद्धा पदरात हसल्या, आणि क्षणभर मला त्या सगळ्या आवडल्या. मग डोकी झाकली गेली, डोळे मिटले. माझे उघडे होते. श्रेयाची पहिली फिट आली तेव्हापासून मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही. श्रेया मध्ये बसली होती, आजीच्या मांडीवर, तिला टेकून, हात जोडून. सुलेखाताईंचा आवाज चढत चालला होता. आणि मी बघितलं, तिची उजवी पापणी फडफडली. ओठ चघळल्यासारखे हलले. जोडलेल्या हातांतला एक हात सुटला आणि फ्रॉकची जाळी चिमटीत धरून ओढायला लागला, बारीक, पुन्हा पुन्हा. खोलीत ते फक्त मला दिसत होतं. मी पुढं झेपावायला हवं होतं. माझ्या छातीत आधी आलं ते 'बघा' होतं, गरम, जवळजवळ गोड. सुलेखाताईंच्या प्रार्थनेतलं एक अख्खं वाक्य मी होऊ दिलं. त्या म्हणत होत्या की ज्या हातानं तू या लेकराला मुळापासून बरं केलंस त्या हाताला आम्ही, आणि तेवढ्यात श्रेया आजीच्या मांडीवरून ताठ होऊन कलंडली आणि तिचं डोकं फरशीवर आपटलं.

ती लहानशी नव्हती. सगळ्यांचे डोळे उघडले, बायका ओरडल्या, कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी म्हणालं चप्पल कसली, प्रार्थना चालू आहे ना, आणि सुलेखाताईंनी तिच्या छातीवर हात ठेवून मोठ्यानं सैतानाला धमकावायला सुरुवात केली. तशी इतरांनीही हात ठेवले, मिळेल तिथं, पायावर, कपाळावर, आणि हातांच्या त्या ढिगाखाली माझी मुलगी उडत होती. "हात काढा!" मी किंचाळले. एकीच्या मनगटाला मी चावले असं नंतर कळलं. मी तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला, गळ्याची गुंडी तोडली. फिट थांबेना. शेजारचे संघपालभाऊ रिक्षा धुवत होते, त्यांनी हातातली बादली तिथंच टाकली. सासूबाई माझ्या आधी रिक्षात चढल्या. त्यांना उतरवायला मला वेळ नव्हता. "बाजू हो ना बे! पेशंट है!" संघपालभाऊ ओरडत होते, आणि थोड्या वेळानं, मला धीर द्यायला असेल, मागं न बघता म्हणाले, "वहिनी, आज तुमच्या देवाची सुट्टी होती का?" "नव्हती भाऊ," मी म्हणाले. "कामावरच होता." श्रेया थोडी सैल पडली आणि पुन्हा ताठ झाली. मिल कॉर्नरचा सिग्नल लागला होता. तो तोडून आम्ही गेलो.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर ते थांबलं, पण ती जागी होईना. वॉर्डातल्या डॉक्टरीण तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. "औषध चालू होतं का? एखादा डोस चुकला?" त्यांनी विचारलं. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, लोखंडी दांडी धरून, आणि त्यांनी डोळे मिटले. आता सून आपलं नाव घेणार हे त्यांनी मान्य केलं होतं. "दोन्ही वेळा दिलंय," मी म्हणाले. "एकही डोस चुकलेला नाही. आज सकाळीसुद्धा." "मग वजन वाढलं असेल, डोस कमी पडला असेल. होतं असं," डॉक्टरीण म्हणाल्या. "दोनदा आलीय लागोपाठ. डोक्याला मारही बसलाय. जागी झाली की बोलते का, ओळखते का ते लगेच सांगा मला. त्यावर पुढचं ठरेल." त्या गेल्या. वजन. मी मान हलवली, पण माझा त्यावर विश्वास नव्हता. मी मागितलं होतं आणि मिळालं होतं. मम्मीसाठी मी पहाटे उठून गुडघे टेकून मागितलं तेव्हा न हललेलं आभाळ, सिग्नलवर उभं राहून मनातल्या मनात म्हटलेल्या चार शब्दांना हललं होतं. मला वाटायचं, अशा वेळी माणसाचा विश्वास जातो. माझा जात नव्हता. घशात काटा अडकावा तसा तो पक्का बसला होता.

"दोन्ही वेळा?" सासूबाईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. "मी तर वतत व्हते." "तुमच्या बाटलीत साखरेचं पाणी होतं." "म्हणून मुंग्या," त्या म्हणाल्या. मग दांडी सोडून खालच्या स्टुलावर बसल्या. "म्हंजी ते लेकरू इतके दिवस बरं राहिलं ते बाटलीनं." त्यांनी मान वर केली. "मग मी मंडळीत काय बोलले, करुणा?" मला गप्प राहता आलं असतं. म्हातारी बाई, गुडघे दुखणारी, माझ्या मुलीचा पांढरा फ्रॉक घडी करून मांडीवर घेऊन बसलेली. "खोटं बोललात," मी म्हणाले, "देवाच्या नावानं." ते शब्द त्यांच्यात जाताना मला दिसले आणि बरं वाटलं, आणि बरं वाटलं हेही मी बघितलं. त्यांनी सवयीनं हात उचलून श्रेयाच्या कपाळावर ठेवला, ओठ हलवले. काहीच आलं नाही. पुन्हा हलवले. मग त्यांनी हात मागं घेतला, तव्याला लागल्यासारखा. "येईना मला," त्या म्हणाल्या. "कुणाशी बोलू तेच कळंना. तू कर गं. तुझं ऐकंल त्यो." मी त्यांच्याकडे बघितलं. त्या टोमणा मारत नव्हत्या. मी काय मागितलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

मला पळून जावंसं वाटलं. त्यानं ऐकू नये असं जिला वाटतंय तिनं कशी प्रार्थना करायची? पण उद्यावर टाकलं तर सुरुवात सापडणार नाही हे मला कळत होतं, आणि समोर ती पडली होती, तोंड उघडं, नखं निळसर. मी तिच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं बोलायला लागले, एकेक शब्द तपासून, परक्या गावातल्या बड्या अधिकाऱ्यासमोर अडाणी माणूस बोलतं तसं. मोठं काही मागितलं नाही. बरी कर म्हणाले नाही, 'बरी' म्हणजे त्याच्या लेखी काय कोण जाणे. "प्रभू, हिचा श्वास असाच चालू दे." "आमेन," सासूबाई मागून म्हणाल्या. "हिची बोटं हलू दे." "आमेन." "हिला डोळे उघडू दे, आणि उघडल्यावर दिसू दे." "आमेन." "हिला बोलू दे. जास्त नको. एक नाव घेऊ दे, म्हणजे आम्हाला कळेल की ती आहे." "आमेन," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. मी सांगत राहिले, तेच तेच, क्रम न बदलता. प्रणय कंपनीतून आला, दाराशी थांबला, आत यायचं धाडस त्याला होईना. शेजारच्या पलंगावरच्या माणसानं मोबाइलचा आवाज कमी केला. मग श्रेयाची बोटं हलली. पापण्या उघडल्या, नजर छतावर फिरली, खाली आली, माझ्या तोंडावर थांबली. माझं तोंड तिच्यापासून वीतभर लांब होतं. ती माझ्याकडे बघत होती, नीट बघत होती, अनोळखी बाईकडे बघावं तसं नव्हे. उलट, मला पुरतं ओळखून असल्यासारखी. मग तिनं मान वळवली, माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि जड जिभेनं, पण अगदी स्पष्ट म्हणाली, "आजी."

सासूबाई रडत पुढं आल्या, आणि मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे भीतभीत बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. मी बाजूला झाले. एक नाव घेऊ दे, असं मी म्हणाले होते. कुणाचं, ते सांगायचं राहिलं होतं. प्रणय डॉक्टरांना बोलवायला धावला, आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून पुन्हा हात जोडले, या वेळी नाव सांगून मागायला.